दोरीचं शेपूट

जिन्यातला दिवा गेलेला होता आणि मी दाराबाहेर अंधारात बुटाची नाडी सोडत होतो, तेवढ्यात आतून दिशाचा आवाज आला. फोनवर होती. "पप्पा येतील गं मामी, पण झिपलाइनवर बसणार नाहीत. घाबरट आहेत ते." पलीकडून मिरजगावची तिची मामी, ज्योती, काहीतरी बोलली असणार, कारण दिशा हसली आणि म्हणाली, "नाही गं, तसे चांगले आहेत. पण घाबरट." एवढंच. नववीतली पोरगी मामीशी बापाबद्दल जे बोलायचं ते बोलली. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं, आणि मी लावून घेतलं. नुसतं घाबरट म्हणाली असती तरी चाललं असतं. चांगले आहेत म्हणून जो तुकडा टाकला ना, तो झोंबला. मी नाडी परत बांधली, खाली उतरलो, सावेडीच्या रस्त्यावर उगाच एक चक्कर मारली, रसवंतीवर उभं राहून उसाचा रस मागितला आणि बर्फ घालू नको म्हणून सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू आलं. बर्फाचं पाणी कुठलं असतं कोण जाणे. बघा, हे असं आहे माझं.

भीती हा माझा धंदा आहे. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. कुणी पट्टा न लावता शेडवर चढला की त्याला खाली उतरवायचं, कुणी गॉगल कपाळावर चढवला की तो डोळ्यांवर आणायचा, नवीन पोरं आली की त्यांना समोर बसवून फळ्यावर चौकोन आखायचे आणि सांगायचं, धोका म्हणजे शक्यता गुणिले परिणाम. पोरं जांभया देतात. वीस वर्षं मी माणसं खाली उतरवतोय आणि वीस वर्षं उतरणारा माणूस माझ्याकडे एकाच नजरेनं बघतो. आमच्या धंद्यातली गंमत अशी, की काम नीट केलं तर काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही की लोक म्हणतात, बघा, झालं का काही? उगाच बोंबलत होता. मग कधीकधी, खरं सांगतो, मनात येतं की एकदा होऊ दे. कुणाचा जीव नको जायला, पण होऊ दे. घरी तरी काय वेगळं आहे. गॅसचं बटण बंद केलंय की नाही ते मी बघून येतो, आणि स्नेहल, माझी बायको, मी बघून आलो की नाही ते बघते आणि हसते. मागच्या सुट्टीत भंडारदऱ्याला गेलो होतो, तिथं बोटीत बसताना मी दिशाला लाइफ जॅकेट घालायला लावलं. अख्ख्या बोटीत ती एकटी नारिंगी. बाकीच्या पोरी फोटो काढत होत्या आणि ही गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. मी तेव्हा मनात म्हणालो होतो, जिवंत आहे ना, मग रुसू दे.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. सासूबाईंचा, लंकाबाईंचा, फोन आला की सगळ्यांनी जेवायला यायचं, चार दिवस राहायचं. आणि मागून मेहुण्यानं, काकासाहेबानं, ओरडून सांगितलं की दाजींच्या हातनं एक काम करून घ्यायचंय. काकासाहेबाचा खडीचा क्रशर होता. हायवेचं काम चालू होतं तोवर त्यानं टेकडी पोखरून रस्त्याला घातली. रस्ता झाला, मशीन विकलं, मागं राहिली ती खाण. तिच्यात पाणी साचलं, हिरवंगार, कडेनं कापलेले काळे दगड. दुसऱ्या कुणी कुंपण घातलं असतं. यानं कमान उभी केली, ॲडव्हेंचर पार्क असा फलक लावला आणि या काठावरून त्या काठावर झिपलाइन टाकली, म्हणजे तारेला लटकून घसरत पलीकडे जायचं. माणसाला खड्डा दिसला की त्याच्यावरून जावंसं वाटतं, एवढं त्याला बरोबर कळतं.

"उद्घाटन न्हाई वो दाजी," तो फोनवर म्हणाला, "धोंड्यात कोन नवं काम काढतंय. त्याला पुढल्या महिन्यात सायेब येनार हायेत. हे निस्तं आपलं घरच्या घरी. पयला मान जावयाचा."

आता यातली अक्कल बघा. आमच्याकडे नवी क्रेन आली की आधी वाळूची पोती टांगतात. पोती उचलून होईपर्यंत खाली कुत्रं फिरकू देत नाहीत. इथं महिना अशुभ, म्हणून बाहेरचं गिऱ्हाईक बसवायचं नाही, साहेबाला बोलवायचं नाही, पण घरचं माणूस पाठवायला हरकत नाही, आणि त्यातही जावई आधी, कारण मान त्याचा. पोत्याच्या जागी मी. आणि यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. उलट पुलीला हळदकुंकू लावून ठेवलंय, नारळ फोडायला तयार, असं तो फोनवर कौतुकानं सांगत होता. मी स्नेहलला गाडीत हे सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही नका बसू. पण तिथं भाषण देऊ नका, पाया पडते." मागच्या सीटवर दिशा खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ आवळलेले होते. हसू दाबताना तिचे ओठ असेच होतात.

जेवायला पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि वाणाचे अनारसे. फेटेवाला बोलावलेला. त्यानं मला आणि सासऱ्यांना, रंगनाथरावांना, म्हणजे अण्णांना, जांभळे फेटे बांधले, इतके घट्ट की माझ्या कानशिलात ठणका लागला. मग सुरू झालं. रंगनाथराव सत्तरीचे, अंगानं भरलेले, बोलताना समोरच्याच्या मांडीवर थाप मारणारे. "पाव्हनं, आजून एक घ्या. न्हाईतर म्हनाल, धोंडा जड झाला, दोरी तुटंल." सगळे हसले. काकासाहेबानं विचारलं, "दाजी, नगरमधी तुमी जिना उतरताना बी टोपी घालता, खरं का?" सगळे हसले. मग स्नेहलनं गॅसच्या बटणाची गोष्ट सांगितली. मी अंधारात कसा चाचपडत जातो, कसा नाकानं वास घेतो, ते तिनं उठून करून दाखवलं. सोळा वर्षं मी ज्या घराला आग लागू दिली नाही, त्या घरातली बाई माझी नक्कल करत होती, आणि तिला ती फार चांगली जमत होती. लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. दिशा हसत हसत ज्योतीच्या खांद्यावर पडली. मीही हसलो. जावयानं हसायचंच असतं. पण आतमध्ये काहीतरी थंड होत गेलं ते मला स्पष्ट कळत होतं, आणि ते थंड होणं मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

ऊन कललं तेव्हा खाणीवर गेलो. चढायचा लोखंडी मनोरा, त्याच्यामागं काँक्रीटचा खांब. वायरची दोरी खांबाला वळसा घालून परत स्वतःवरच क्लॅम्पनं आवळलेली. मी सवयीनं आधी तिकडेच गेलो. आणि बघितलं. क्लॅम्पचा वाकडा भाग दोरीच्या मोकळ्या शेपटावर पडायला हवा, म्हणजे भार वाहणारी बाजू चेपत नाही आणि पकड धरते. कुठलाही शिकाऊ हे पहिल्या महिन्यात शिकतो. इथं तिन्ही क्लॅम्प उलटे होते, आणि नट हातानं फिरतील इतपतच आवळलेले. उलटा क्लॅम्प लगेच दगा देत नाही. प्रत्येक झटक्याला दोरी थोडी थोडी सोडतो. शेवटच्या क्लॅम्पच्या पुढं दोरीचं शेपूट वीतभर होतं; ते आत ओढलं गेलं की दोरी सुटलीच. मी तोंड उघडलं. म्हणजे मी सांगणारच होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"काकासाहेब, हे फिटिंग कुणी केलं?"

"आपलाच फिटर, क्रशरवरचा. तो काय पलीकडं उभाय, झेलायला. का वो दाजी, भ्या वाटाय लागलं का?"

परत सगळे हसले. दिशा हसली नाही. ती आपल्या सँडलकडे बघत होती. तिला माझी लाज वाटत होती, आणि माझ्यासाठी वाईटही वाटत होतं. मला ती दया सहन झाली नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "छान बसवलंय."

का म्हणालो? मी त्यावर विचार केला नाही असं नाही. मनोऱ्याच्या सावलीत उभ्या उभ्या माझ्या डोक्यात फळ्यावरचा तो चौकोन आखला गेला होता. दोरी जाड होती, रेडा टांगला तरी तुटणारी नव्हती. शेपूट वीतभर. एक-दोन माणसांनी काही होणार नाही. शक्यता कमी. परिणामाच्या रकान्यात मी काही लिहिलंच नाही. आणि त्या चौकोनाच्या मागं दुसरं एक वाक्य होतं, अगदी साधं. बघू द्या यांना एकदा.

मी बसायला नकार दिला. कारण हेल्मेटचं दिलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. फेट्यावर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटशिवाय मी बसणार नाही. "मग फेटा काढायचा?" लंकाबाई म्हणाल्या, आणि सगळे माझ्या फेट्याकडे बघायला लागले. मानाचा बांधलेला फेटा माणूस स्वतःच्या हातानं उतरवतो का कधी? रंगनाथरावांनी सगळं सावरून घेतलं. "ऱ्हाऊ द्या. जावयाचा मान मी घेतो. माज्या डोस्क्याला काय हुतंय." त्यांनी धोतराचा काचा मारला आणि फेट्यासकट पट्ट्यांत शिरले. मी पुन्हा म्हणालो, "अण्णा, हेल्मेट घाला." लोकांनी माना डोलावल्या, दाजी ते दाजीच. हेल्मेटबद्दल मी तीनदा बोललो. क्लॅम्पबद्दल एकदाही नाही.

पुली किंचाळत गेली. जांभळा फेटा हिरव्या पाण्यावरून जाताना फार सुंदर दिसत होता. सगळे मोबाईल धरून शूटिंग करत होते. मी खांबाकडे बघत होतो. म्हातारा पलीकडे अडवायला बांधलेल्या टायरांवर जाऊन आदळला तेव्हा दोरीला हिसका बसला आणि शेपूट आत सरकलं. फार नाही. टाळ्या वाजल्या. फिटरनं अण्णांना मोटारसायकलवर बसवून काठानं परत आणलं. म्हातारा लहान पोरासारखा खिदळत होता, फेटा जरासुद्धा हलला नव्हता. "झालं का काही, पाव्हनं?" ते म्हणाले. मी म्हणालो, नाही. आणि माझ्या मनात जे आलं त्याला मी सुटका म्हणेन असं मला वाटलं होतं. ती सुटका नव्हती. क्रिकेटमध्ये आपल्या बॉलरचा बॉल स्टंपला लागतो आणि बेल पडतच नाही, तेव्हा जे होतं ते होतं.

मग काकासाहेब गेला, हात सोडून, ओरडत. त्याच्या वेळी मी चक्क हिशेब केला. याचं पोट सुटलंय, वजन जास्त, मध्यावर झोल पडेल. याची बोलती बंद झाली तर कसं वाटेल. ज्योती, त्याची बायको, माझ्या शेजारीच उभी होती, आणि तिच्या शेजारी उभं राहून मी हा विचार केला. शेपूट चार बोटं उरलं.

मग स्नेहल म्हणाली, मी पण जाते. ओढणी कमरेला बांधली, मोबाईल दिशाकडे न देता स्वतःच्या पर्समध्येच टाकला, पर्स लंकाबाईंकडे दिली. पट्टे आवळताना तिनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, लग्नाआधी करायची तसे. आता सांगायला हवं होतं. मला ते समजत होतं. पण आता सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की अण्णा गेले तेव्हा मला माहीत होतं, काकासाहेब गेला तेव्हा मला माहीत होतं. प्रत्येक माणसागणिक सांगणं जड होत चाललं होतं. मी तिला म्हणालो, "जपून." तिनं माझ्याच आवाजात मला परत म्हणून दाखवलं, "जपून," आणि गेली. मला तिची दुपारची नक्कल आठवली, नाकानं वास घेणारी. ती मध्यावर असताना मी डोळे मिटले नाहीत. मी खांबाकडेच बघत होतो. शेपूट दोन बोटं.

"आता मी," दिशा म्हणाली.

ती मनोऱ्यावर चढली, काकासाहेब तिच्या मांडीचे पट्टे ओढायला लागला, आणि माझे पाय मला न विचारता शिडी चढून गेले. "उतर खाली."

"का?"

"उतर म्हणतो ना."

"सगळे गेले, पप्पा. आजोबा गेले. कारण सांगा."

कारण माझ्या जिभेवर होतं. चार शब्द होते. खाली स्नेहल घाम पुसत उभी होती, लाल झालेली, खूश. अण्णा बाजेवर बसून पाणी पीत होते. मी कारण सांगितलं असतं तर या सगळ्यांनी एकेक करून माझ्याकडे बघितलं असतं.

"कारण सांगा ना," दिशा म्हणाली. "भीती वाटते हे कारण नाही."

मी तिच्या कानाखाली मारली. आयुष्यात पहिल्यांदा. हेल्मेट वाकडं झालं. मग मी स्वतःच तिचे पट्टे सोडले, बकल, दुसरं बकल, कामावर सोडतो तितक्या सफाईनं, आणि दंडाला धरून तिला खाली आणलं. दुसरा कुणी असता तर काकासाहेबानं त्याला खाणीत ढकललं असतं, पण धोंड्याच्या जेवणाला आलेल्या जावयाला काय बोलणार. लंकाबाई एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, तरनी पोर हाय, असं मारू न्हाई." स्नेहलनं पाठ फिरवली. मी दिशाला गाडीत बसवलं, मी स्टिअरिंगवर बसलो, काचा वर केल्या, एसी लावला. ती रडत नव्हती. गालावर बोटं उठली होती.

"सगळे मोबाईलमध्ये बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही त्या खांबाकडे बघत होता. प्रत्येक वेळी. काय आहे तिथं?"

"क्लॅम्प उलटे बसवलेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दोरी सरकते."

"तुम्हाला कधी कळलं?"

मी एसीची जाळी तिच्याकडे वळवली. ती म्हणाली, "आजोबांच्या आधी?" मी स्टिअरिंगवरची धूळ पुसली. मग तिनं पुढचा प्रश्न फार हळू विचारला. "आईच्या आधी?"

बाहेर काकासाहेबाचा आवाज आला, मुद्दाम चढवलेला, झालेलं सगळ्यांनी विसरावं म्हणून. "चल गं ज्योती, तू बस. पोरीचा नंबर तुला." आरशात ज्योती साडीवरून पट्टे चढवताना दिसली, लाजत, नको नको म्हणत. दिशानं दाराच्या हँडलला हात घातला. मी लॉकचं बटण दाबलं.

मी का दाबलं ते मला विचारू नका. मला माहीत आहे. चारही दारं एकदम खट्ट वाजली. तिनं हँडल ओढलं, काचेवर पंजा मारला, "मामी, मामी" म्हणून ओरडली, पण काचा बंद, एसी चालू, आणि तिकडे सगळे टाळ्या वाजवून ज्योतीला धीर देत होते. ती माझ्या हातावरून बटणापर्यंत पोचायला बघत होती आणि मी बटणावर तळवा ठेवून बसलो होतो. ती माझ्या मनगटाला चावली. मी हात काढला नाही. पुलीची किंकाळी सुरू झाली. काचेतून ती बारीक ऐकू येत होती. दिशा एकदम थांबली आणि ऐकायला लागली, आणि मीही ऐकत होतो, आम्ही दोघं बापलेक एकाच आवाजाला कान लावून बसलो होतो. मग टायरांचा धप्प आवाज, आणि टाळ्या.

"पोचली," मी म्हणालो. "बघ. काही झालं नाही." आणि बटण सोडलं.

ती लगेच उतरली नाही. ती माझ्याकडे बघत होती. घाबरट माणसाकडे जसं बघतात तसं नव्हतं ते. त्या नजरेत दयेचा लवलेश नव्हता, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा मला तिच्या दयेची गरज होती. मग तिनं दार उघडलं, बाहेर गेली आणि दार हळूच लावलं, झोपलेल्या माणसाशेजारून उठताना लावतात तसं.

मी काच खाली केली. ती चालत मनोऱ्याकडे गेली, आणि मी माझं वाक्य जुळवायला लागलो. मी काकासाहेबाला फिटिंगबद्दल विचारलं होतं. त्यानं चेष्टा केली. सगळ्यांसमोर विचारलं होतं. हे वाक्य उभं राहत होतं, थोडा टेकू दिला तर राहत होतं. स्नेहल काय म्हणेल, ती आजच माहेरी राहील का, अण्णा फेटा काढून माझ्या पायाशी टाकतील का, हे सगळं मी झरझर बघून घेतलं. गाडी सुरूच होती. गिअर टाकून निघून जावं असंही वाटलं.

"मामा, आता कुणाला बसवू नका," दिशा म्हणाली. "त्या खांबाचे क्लॅम्प उलटे बसलेत. दोरी सरकतीय."

"कोन म्हनलं?"

"पप्पा."

काकासाहेब खांबाशी गेला, उकिडवा बसला, दोरीच्या शेपटावर बोट ठेवलं. बोटापुढं काही उरलंच नव्हतं. तो तसाच खाली बसला. कुणीतरी पलीकडे ज्योतीला हाक मारली, ती हात हलवून हसत होती. लंकाबाईंनी देवाचं नाव घेतलं. स्नेहलनं दिशाला दोन्ही खांद्यांना धरलं. "पप्पांना माहीत होतं? कधीपासून?"

दिशानं गाडीकडे बघितलं. काच खाली आहे हे तिला दिसत होतं.

"आत्ता दिसलं त्यांना," ती म्हणाली. "मामा मला पट्टे बांधत होते ना, तेव्हा. म्हणून मारलं. ते इतके घाबरले होते, त्यांना बोलताच येईना."

मग ते सगळे माझ्याकडे आले. स्नेहल रडत होती, तिनं खिडकीतून हात आत घालून माझा चेहरा धरला आणि म्हणाली, माफ करा. लंकाबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. अण्णा गाडीच्या टपावर नुसती थाप मारत राहिले. काकासाहेब सगळ्यांत शेवटी आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मनगटावरच्या दातांच्या खुणांकडे बघत होता.

"दाजी," तो म्हणाला, "आत्ताच दिसलं व्हय तुमाला?"

त्याच्या मागं दिशा उभी होती. मी काय म्हणतो ते ऐकायला थांबली होती.

"आत्ताच," मी म्हणालो.